तुमचं बोलणं मुलांना लागतं

“ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का? तुमचं बोलणं मुलांना लागतं.”

मॅडम हे हळू आवाजात म्हणाल्या. हसून म्हणाल्या. कपाळाला आठी नाही, काही नाही. तिसरीची पोरं सतरंजीवर मांडी घालून बसली होती. दारात शाळेचे सर उभे होते. आचल वाचनाचा कागद हातात धरून माझ्याकडे बघत होती. मी उठले आणि बाहेर व्हरांड्यात गेले. तिथे पोरांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या. त्यांच्या शेजारी बसले. आतून कुणीतरी दार लोटलं.

माझा गुन्हा एवढाच. चाचणीत आचल अडखळली, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, “भेऊ नोको. तुले येते. वाच.”

चपलांजवळ बसून मी त्या एका शब्दाशी झटत राहिले. लागतं. काय काय लागतं माणसाला? खरूज लागते. डोळे आलेल्या माणसाचे डोळे लागतात. माझ्या आजीच्या काळी आमची सावली लागायची, हात लागला तर विहिरीचं पाणी बाटायचं. आजी हे सांगायची तेव्हा मला ते कुणा दुसऱ्याच्या जन्मातलं वाटायचं. मी डी.एड. झालेली. माझ्या गळ्यात ओळखपत्र. सावलीचे दिवस गेले असं मी स्वतः भाषणात बोललेली बाई. आता माझं बोलणं लागत होतं.

मॅडमना तसं म्हणायचं नव्हतं, हे मलाही कळतं. त्यांना सवय लागते असं काहीतरी म्हणायचं असेल. त्या वाईट बाई नाहीत. पुण्याहून संशोधन प्रकल्पासाठी यायच्या, पोरांमध्ये खाली बसायच्या, एखाद्याचं नाक वाहत असलं तर स्वतःच्या रुमालाने पुसायच्या. म्हणूनच ही गोष्ट सांगायला अवघड आहे. वाईट माणसाने दिलेली शिवी चारचौघांत सांगता येते. चांगल्या माणसाने हसत हसत बाहेर बसवलं, तर ते कुणाला सांगायचं? ऐकणारा म्हणतो, तुम्ही फार मनाला लावून घेता. सरही हेच म्हणाले.

तो व्हरांडा माझ्या ओळखीचा होता. मी याच शाळेत शिकले. तिसरीतच होते. मला लघवीला जायचं होतं. मी उभी राहून गुरुजींना म्हटलं, “गुरुजी, मले बाहेर जाऊ द्या.” गुरुजी फळ्यावर लिहीत होते. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, “मराठीत बोल.” मला कळेना. मी मराठीतच बोलत होते. मी पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्याने. गुरुजी पुन्हा म्हणाले, “मराठीत बोल, मग जा.” वर्ग हसला. गुरुजी समुद्रपूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. बाजारात कुणाशी बोलताना तेही ‘मले’च म्हणायचे, मी कानांनी ऐकलेलं. पण शाळेत शिरताना ते आपलं बोलणं सायकलीबरोबर बाहेर उभं करून येत असावेत. तिसऱ्यांदा विचारायच्या आत माझा फ्रॉक भिजला. मग त्यांनी मला फ्रॉक वाळेपर्यंत व्हरांड्यात उभं केलं. चपलांजवळ.

घरी गेल्यावर मी आईला विचारलं, आपण बोलतो ते मराठी नाही का? आई कापूस वेचून आली होती. ती म्हणाली, “आपन बोलतो ते आपलं हाये.” त्या वेळी मला ते उत्तर पुरलं नाही. मी ‘मला’ शिकले. असं शिकले, की पुढे हिंगणघाटला कॉलेजात कुणाला पत्ता लागला नाही मी कुठली. घरी ‘ले’, बाहेर ‘ला’. फाटकातून आत-बाहेर करावं तसं मी आयुष्यभर या दोन अक्षरांमधून जात-येत आले आहे. हे मी ‘ला’त लिहिते आहे, तेही त्यामुळेच. ‘ले’त लिहिलं असतं तर तुम्ही गोड म्हटलं असतं. ते का, ते पुढे सांगते.

डी.एड. झालं, पात्रता परीक्षा पास झाले, आणि भरतीची वाट बघत घरी बसले. आमच्या भागात अशा वाट बघणाऱ्या पोरी घरोघरी आहेत. काही जाम चौकातल्या दुकानांतून कामाला लागल्या, काहींची लग्नं झाली. मग गावात हा संशोधन प्रकल्प आला. कल्पना साधी होती. तिसरीतल्या ज्या पोरांना वाचता येत नाही, त्यांना रोज एक तास वेगळं बसवायचं, त्यांना जेवढं येतं तिथून सुरू करायचं, खेळ, कार्डं, गाणी घेऊन शिकवायचं, आणि त्याने फरक पडतो का ते मोजायचं. शेजारच्या गावातल्या शाळेत काहीच करायचं नाही, म्हणजे तुलना करता येते. शिकवायला गावातलीच शिकलेली बाई हवी होती. तिचं नाव वर्गसखी. ती मी झाले.

मी खूश झाले होते, खोटं का बोलू. याच शाळेत मी बाई म्हणून शिरत होते. शाळेत आता उरलीत ती बहुतेक आमच्याच बौद्धपुऱ्यातली लेकरं. ज्यांच्याकडे वावर आहे त्यांची पोरं सकाळी पिवळ्या गाडीत बसून कॉन्व्हेंटला जातात, सरांचा मुलगाही त्यातच. मागे राहिलेल्यांची फिकीर करायला कुणीतरी पुण्याहून आलंय, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

आणि पद्धत चांगली होती, हे आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला शिकवायचंच नव्हतं. तीन रंगांच्या सतरंज्या होत्या. अक्षरं न येणारी पोरं लाल सतरंजीवर, शब्द वाचणारी पिवळीवर, गोष्ट वाचणारी हिरवीवर. पोरगं पुढे सरकलं की रंग बदलायचा. कायम मागच्या भिंतीला टेकून बसणारी पोरं पहिल्यांदा वर्गाच्या मधोमध आली. त्यांच्या हातात कार्डं आली. वर्गात आवाज झाला.

आचल लाल सतरंजीवर होती. तिची आई वंदना हायवेवरच्या ढाब्यात पोळ्या लाटते, सकाळी जाते ते रात्री येते. बाप नाही. आचल वर्गात बोलायचीच नाही. नाव विचारलं तरी खाली बघायची. सरांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, “तिच्यात वेळ घालवू नका, ती अशीच आहे.” मी तिच्याशी मराठीत बोलायचं सोडून दिलं. गुरुजींच्या मराठीत, म्हणजे. मी विचारलं, “काऊन वं, आज का खाल्लं?” तिने डोकं वर केलं. एवढा वेळ कुणीतरी दुसऱ्याच मुलीशी बोलत होतं आणि आता आपल्याशी बोललं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. म्हणाली, “भाकर आन् मिरचीचा ठेचा.” मग आम्ही ठेच्यातला ठ काढला, भाकरीतला भ काढला.

ती वाचायला लागली. दिवाळी झाली, कापूस घरात येऊन पडला, आणि आचल पिवळीवरून हिरव्या सतरंजीवर आली. तिच्या वाचण्यात एक गंमत होती. कागदावर छापलेलं असायचं, ‘मिनीला फुले आवडतात. तिने आईला एक फूल दिले.’ आचल वाचायची, “मिनीले फुलं आवडते. तिनं आईले एक फूल देल्लं.” न अडखळता, बोट सरकवत. वाचून झालं की माझ्याकडे बघून हसायची, कारण मिनीने आईला फूल दिलं हे तिला कळलेलं असायचं. ज्या पोरांना अर्थ लागत नव्हता ती ‘मि-नी-ला’ असं बरोबर वाचत होती. अर्थ लागलेली पोरगी मात्र तो आपल्या तोंडून बाहेर काढत होती. मी डी.एड.ला हे शिकले नव्हते, पण डोळ्यांना दिसत होतं.

ती एकदा घरी पोळीच्या पिठाच्या पुड्यावरचं नाव वाचून आईला दाखवत होती. वंदना दुसऱ्या दिवशी मला रस्त्यात गाठून म्हणाली, “बाई, माह्यी पोट्टी वाचून राह्यली वं.” तिने मला रस्त्यातच हात जोडले.

त्यानंतर मधल्या चाचणीचा तो दिवस आला. मॅडमच्या हातात टॅब होता. छापलेला शब्द आणि मुलाचा शब्द जुळला नाही की त्या बोट टेकवायच्या. मिनीले म्हटलं, बोट. फुलं म्हटलं, बोट. देल्लं म्हटलं, बोट. आचलला ते बोट दिसत होतं. ती अडखळली. मी बोलले. मी बाहेर गेले.

दार उघडलं तेव्हा आचल हिरव्या सतरंजीवर नव्हती. मॅडमनी तिला लालवर बसवलं होतं. थेट लालवर. लाल म्हणजे मठ्ठ, हे पोरांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. तिने आपलं दप्तर मांडीवर घेतलं होतं आणि त्याचा बंद तोंडात धरून चावत होती.

मी मॅडमना म्हटलं, “तिला वाचता येतं. ती घरचं बोलते तसं वाचते.” मी ‘ला’तच बोलले. मॅडमनी माझं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, “ताई, मला तुमची भावना कळते. पण तिला उद्या परीक्षा द्यायच्या आहेत, नोकरी करायची आहे. हे आत्ताच सुधारलं नाही तर जग तिला हसेल. आपण तिचं नुकसान करायचं का?” जग हसतं हे मला भिजलेल्या फ्रॉकपासून माहीत होतं. मी सतरंजीवरची कार्डं गोळा करू लागले. प्रकल्पात माझं काम शिकवण्याचं होतं, ठरवण्याचं नव्हतं.

मॅडम कामाला पक्क्या. त्यांनी हा तास स्वतः घ्यायचं ठरवलं. त्या येतील त्या दिवशी मी व्हरांड्यात बसायचं आणि कार्डं कापायची, असं ठरलं. आतलं सगळं ऐकू यायचं. मॅडम पोरांना गाण्यासारखं म्हणायला लावायच्या.

“मले म्हणायचं नाही!”

“मला!” पोरं ओरडायची.

“तुले म्हणायचं नाही!”

“तुला!”

“जिथे जिथे ले येईल, तिथे तिथे काय म्हणायचं?”

“ला!”

मी चपलांशेजारी बसून कात्री चालवत होते. आतल्या सगळ्या आवाजांत आचलचा आवाज सगळ्यात मोठा यायचा. जी पोरगी स्वतःचं नाव सांगत नव्हती ती बेंबीच्या देठापासून ‘ला’ ओरडत होती. तिला हिरव्या सतरंजीवर परत जायचं होतं. घरीसुद्धा ती म्हणत बसायची. वंदना तिला म्हणाली, “आचल, पाणी दे मले.” तर ही म्हणाली, “मले नाही, मला.” वंदना हसत मला सांगत होती. पण सांगताना ती स्वतः ‘मला’ म्हणून बघत होती, आणि तिला ते जमत नव्हतं. कामावरून थकून आलेल्या बाईने आपल्याच घरात जीभ सांभाळून पाणी मागायचं, हे मला सहन झालं नाही. तरीही मी काही केलं नाही. वाटलं, निदान पोरगी तरी निघून जाईल यातून, मी गेले तशी.

शेवटच्या चाचणीला पाहुणे आले होते. प्रकल्पाला मदत करणारे कुणी साहेब, त्यांच्यासोबत दोन बायका, कॅमेरावाला पोऱ्या. चाचणी वर्गात सगळ्यांसमोर झाली. माझी जागा ठरलेलीच होती, पण दार उघडं होतं.

आचलला मिनीचाच कागद दिला. तिने केस घट्ट बांधले होते, वंदनाने तेल लावून दिलं असणार. ती उभी राहिली आणि मोठ्याने, चांगल्या खड्या आवाजात वाचू लागली.

“मिनीच्या अंगणात फुला फुलली.”

मॅडमनी डोकं वर केलं.

“मिनीला फुला आवडतात. तिने आईला एक फूल दिला. आईने ते देवाला वाहिला.”

जिथे जिथे ‘ले’ येईल, तिथे तिथे ‘ला’. छापलेल्या ‘फुले’चं ‘फुला’, ‘दिले’चं ‘दिला’. तिने एकही ‘ले’ सोडला नाही. सांगितलेलं तंतोतंत केलं. वाचून झाल्यावर तिने मॅडमकडे बघितलं, शाबासकीसाठी.

आधी एक पाहुणी बाई हसली. मग साहेब हसले. मोठे हसले म्हणून पोरं हसली. सर तोंडावर हात धरून वळले. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी ओठ आवळले, पण त्यांचं बोट टॅबवर टेकलं. मी दारातून आचलकडे बघत होते. ती हसणाऱ्यांकडे बघत होती. आधी तीही थोडी हसली, काय झालं ते न कळून. मग एक पोरगं मागून ओरडलं, “फुला! फुला!” आणि तिला कळलं. काय चुकलं ते कळलं नाही. आपण चुकलो एवढंच कळलं. तिने कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि तो मॅडमच्या हातात दिला.

त्या दिवसापासून गावात तिचं नाव फुला पडलं. हातपंपावर, दुकानात, शाळेच्या वाटेवर. “ए फुला, फूल दिला का?” आमच्याच पुऱ्यातली पोरं म्हणायची. जी घरी ‘ले’ म्हणतात तीच.

ती बोलायची थांबली. आधी शाळेत, मग घरीही. वंदना माझ्या दारात आली तेव्हा तिच्या हाताला अजून पीठ होतं. उभ्याउभ्याच बोलली.

“काऊन वं बाई, पोट्टी घरी बी बोलत नाई. जेवाले बस म्हनलं तर मान हालवते. शाळेत मारलं का तिले कोनी?”

“नाई मारलं,” मी म्हटलं.

“मंग?”

“हासले तिले.”

वंदना हाताला वाळलेलं पीठ खरवडत राहिली. मग म्हणाली, “मले बी हासतात ना ढाब्यावर. म्या थोडीच बोलाचं सोडलं.” आणि रडायला लागली. मी तिला बस म्हटलं, ती बसली नाही. तिच्या पोरीला वाचायला शिकवलं म्हणून जी बाई मला रस्त्यात थांबवून धन्यवाद देत होती, तिच्यासमोर मी मान खाली घालून उभी होते.

मग वर्ध्याला कार्यक्रम ठरला. सभागृहात, अधिकारी, कॉलेजातले लोक, पाहुणे. प्रकल्पात काय निघालं ते सांगायचं होतं. गावोगावच्या वर्गसख्यांपैकी मला बोलायला निवडलं, कारण माझं बोलणं ‘सगळ्यांत स्वच्छ’ होतं. हे मॅडमचे शब्द. मी दोन ओळी बोलायच्या होत्या: या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळालं, मी सर्वांची आभारी आहे. त्यांनी पाठ करून घेतल्या माझ्याकडून, फोनवर.

मॅडमनी पडद्यावर आलेख दाखवले. पोरं पुढे गेली होती, आणि खरंच गेली होती. मग त्या म्हणाल्या की काही अडथळेही आले, त्यातला मोठा अडथळा म्हणजे बोलीभाषा. आणि त्यांनी उदाहरण म्हणून आवाज लावला.

“मिनीच्या अंगणात फुला फुलली.”

सभागृह हसलं. फार जोरात नाही. मायेने हसलं. कुणीतरी “अरे देवा, किती निरागस” म्हणालं. आणि आचलचा तो खडा आवाज पुढे वाचत राहिला, फूल दिला, देवाला वाहिला. जी पोरगी आता घरात पाणीही मागत नाही, तिचा आवाज या मोठ्या खोलीत कण्यातून निघाल्यासारखा ताठ उभा होता आणि लोक त्याला हसत होते. नंतर माझं नाव पुकारलं.

मी माईकपाशी गेले. पाठ केलेल्या ओळी तोंडात तयार होत्या. त्या आल्याच नाहीत. जे आलं ते असं.

“हे पोरगी आचल हाये. हिले वाचता येते. तुमी आयकलं नाई. मॅडमनं तिले सांगतलं, ले आलं का ला म्हन. तिनं म्हनलं. तिचं काय चुकलं? आता ते बोलत नाई. घरी बी नाई बोलत. तुमी हासता कायले? तिले वाचता येते. तुमाले आयकता येत नाई.”

आयुष्यात पहिल्यांदा मी माईकवर ‘ले’ बोलले. आवाज लटपटला नाही. मला वाटलं, आता कुणीतरी चिडेल. मला खाली बसवेल, बाहेर काढेल. मी त्यासाठी तयार होते. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्या सभागृहाने. साहेब तर उभे राहिले. खाली आले तेव्हा सुती साडीतल्या एका बाईने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, “किती गोड आहे हो तुमची भाषा! ऐकतच राहावंसं वाटतं.” मी काय बोलले ते तिने ऐकलं नव्हतं. मॅडमनी पाठीवर हात ठेवला. “ताई, अगदी मातीतलं बोललात. मला फार आवडलं.” त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना त्यांच्याच आलेखांसमोर खोटं ठरवलं होतं, आणि त्यांना ते लोकगीतासारखं लागलं.

जेवणाच्या रांगेत मी उभी राहिले नाही. बसस्टँडवर गेले, समुद्रपूरची एसटी पकडली. खिडकीतून तुरीची वावरं दिसत होती. मी शिव्या ऐकून घेतल्या असत्या. गोड म्हटलं, याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

प्रकल्पाचा पहिला टप्पा संपला. सतरंज्या गुंडाळून गेल्या. सरांनी वर्ग पुन्हा पहिल्यासारखा लावला, आणि आचल मागच्या भिंतीला टेकून बसायला लागली. मी सरांना म्हटलं, तिला पुढे बसवा. ते म्हणाले, “ताई, मी म्हटलं होतं ना, ती अशीच आहे.” म्हणजे संशोधनातून त्यांचंच खरं झालं. शेजारच्या गावातल्या पोरांवर काहीच प्रयोग झाला नव्हता. कधीकधी वाटतं, त्यांचं बरं झालं.

संध्याकाळी मी विहाराच्या पायऱ्यांवर पोरं घेऊन बसते. कुणी सांगितलं म्हणून नाही. चार-दोन येतात, कधी कुणीच येत नाही. आचल येते. शेवटच्या पायरीवर पाठ करून बसते. मी पुस्तक तिच्या शेजारी ठेवते. ती त्याला हात लावत नाही. तिच्यासमोर फुलाचा फ काढायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

उन्हाळ्यात मॅडमची गाडी माझ्या दारात आली. त्या आत आल्या, खाली चटईवर बसल्या, आईची चौकशी केली. दुसरा टप्पा मंजूर झाला होता. आणि यावेळी त्यात बोलीभाषेचा वेगळा अभ्यास होणार होता. माझ्या त्या भाषणामुळेच, असं त्या म्हणाल्या. मला भाषा साहाय्यक म्हणून घ्यायचं होतं. पोरं कशी वाचतात, कुठे चुकतात, ते सगळं रेकॉर्ड करायचं. सुरुवात आचलपासून.

“तिचा आधीचा आवाज आहेच आपल्याकडे,” मॅडम म्हणाल्या. “आता पुन्हा एकदा घेतला, की फरक दाखवता येईल. तिचंच भलं होईल ताई. तिच्यासारख्या कितीतरी मुलांचं होईल.”

कदाचित होईलही. त्या खोटं बोलत नव्हत्या. मला त्या कामाची गरज होती, आणि भरतीचा अजून पत्ता नव्हता. आचल त्या वेळी आमच्याच घरात होती, चुलीजवळ, माझ्या आईला तुरी निवडू लागत होती. तिने मॅडमचा आवाज ओळखला होता. तिचे हात सुपातच थांबले होते.

मी मॅडमना म्हटलं, “बसा. च्या घ्या. पन टॅब बाहेर ठिवा, चपलांपाशी.”

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मी हसले नाही, तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

“ताई, तुम्ही रागावलात का माझ्यावर?”

“हो,” मी म्हटलं.

हे एवढं मी याआधी कुणालाच म्हटलं नव्हतं. गुरुजींना नाही, सरांना नाही. मॅडमचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण मी ते सावरायला गेले नाही. आजवर माझा अर्धा जन्म दुसऱ्यांचे उतरलेले चेहरे सावरण्यात गेला.

“तुमी म्हनलं होतं, माह्यं बोलनं पोरायले लागते,” मी म्हटलं. “लागू द्या. पन आचलचा आवाज आता तुमच्या हाती लागत नाई. हिचा नाई, पुऱ्यातल्या कोन्याच लेकराचा नाई. मी दारात उभी हावो.”

त्यांनी चहा घेतला नाही. गाडी वळून जाम चौकाकडे गेली. त्यांना दुसरं गाव मिळेल, दुसरी वर्गसखी मिळेल. तिथेही एखादी आचल असेल, आणि तिच्या दारात कुणी नसेल. हे मला ठाऊक आहे.

मी आत गेले. आचल तुरी निवडत होती. मी तिच्या शेजारी बसून सुपातल्या तुरी निवडू लागले. ती पुन्हा वाचेल की नाही, मला माहीत नाही. वाचणार नाही असंच आता जास्त वाटतं. तिच्या तोंडातून ‘ले’ गेला, आणि ‘ला’ तिला हसून गेला.

मी दारात आहे. पुढच्या गाडीतून कुणी आलं, तर आधी मला ओलांडावं लागेल, आणि मी ‘मले’ म्हणेन. कुणी गोड म्हटलं, तरी बाजूला होणार नाही.